कपाटातल्या फिगर आणि फसलेले चित्रपट

एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा सारांश असा: कॉलेजच्या दिवसांपासून मी ॲनिमेतील, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांतील, पात्रांच्या फिगर (प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती), ॲक्रिलिक स्टँड आणि बॅज जमवत आले आहे. आज माझे वय चौतीस आहे आणि दोन कपाटे भरून गेली आहेत. जागा नसल्यामुळे अनेक फिगर डब्यांतच पडून आहेत आणि परवा त्यांतल्या काही हाताला चिकट लागल्या. माझा दुसरा छंद म्हणजे दर महिन्याला जुन्या मित्रमैत्रिणींसोबत एखादा भयंकर वाईट चित्रपट पाहणे. मध्यंतरी पाहुणे आले असताना माझे पती हसत म्हणाले, "ही हिची बाहुल्यांची खोली. ही अजून मोठी व्हायचीच आहे." त्याच सुमारास आमच्या चित्रपटांच्या गटात नव्याने आलेला एक मित्र पडद्यावरच्या अभिनेत्रीच्या दिसण्यावर सतत शेरे मारत राहिला, सगळे हसले, मीही हसले आणि नंतर मला स्वतःची लाज वाटली. आणखी एक विसंगती मला छळते. फिगरच्या गालावर रंगाचा एक ठिपका जास्त दिसला तरी मी ती परत पाठवते, पण चित्रपटात वरून माइक लोंबताना दिसला की आनंदाने टाळ्या वाजवते. माझी खरी आवड कोणती? की हा सगळाच पोरखेळ आहे? सगळे विकून टाकावे का?

तुमच्या प्रश्नांपैकी विसंगतीचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते, कारण तो सुटला की बाकीच्या प्रश्नांकडे पाहण्याची दिशा आपोआप ठरते. मला इथे विसंगती दिसत नाही. चांगली स्केल फिगर, म्हणजे ठरावीक प्रमाणात घडवलेली मूर्ती, बाजारात येण्याआधी एखादा मूर्तिकार तिचा मूळ नमुना घडवतो, दुसरा कलाकार तो रंगवतो, मग त्याचे साचे होतात आणि कारखान्यात पीव्हीसी व एबीएस प्लास्टिकचे भाग ओतून, डोळे छापून, केसांच्या आणि कपड्यांच्या छटा फवाऱ्याने रंगवून ती जोडली जाते. तुम्ही पैसे भरता तेव्हा तुमच्यासमोर त्या रंगवलेल्या नमुन्याची छायाचित्रे असतात आणि वस्तू त्या नमुन्याच्या तोडीची असेल, असे वचन त्यात असते. ठिपका असलेली फिगर परत पाठवताना तुम्ही ते वचन पाळण्याची मागणी करता आणि मूळ नमुना घडवणाऱ्याच्या कामाचा मानही राखता.

तुम्हाला आवडणाऱ्या चित्रपटांनी सफाईचे वचन कधी दिलेलेच नसते. टेक्सासमधल्या एल पासो इथे खतविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या हॅरल्ड वॉरन यांनी १९६६ मध्ये 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' हा भयपट काढला, तेव्हा त्यांच्याकडचा कॅमेरा एका वेळी जेमतेम ३२ सेकंद चालत असे आणि त्यात ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, त्यामुळे सगळ्या पात्रांचे आवाज नंतर मोजक्याच लोकांनी मिळून दिले. एड वुड यांच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'ची कथा याहून विलक्षण आहे. त्यातला नामांकित नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला आणि वुड यांच्या हाती त्याची फक्त काही मिनिटांची दृश्ये उरली. तेव्हा त्यांनी पत्नीच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणक्याचे उपचार करणाऱ्या गृहस्थाला, लुगोसीच्या जागी उभे केले आणि चेहरा ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या चित्रपटभर त्यांना तोंडावर झगा धरायला लावला. पैसा नाही, साधने नाहीत, प्रमुख नट जिवंत नाही आणि तरीही चित्रपट पुरा करायचाच, या हट्टाला तुम्ही टाळी देता. लोंबणारा माइक ही त्या हट्टाची खूण असते, कारण त्या क्षणी पडद्याच्या पलीकडे दृश्य पार पाडण्यासाठी धडपडणारी माणसे तुम्हाला दिसतात.

म्हणजे फिगरच्या बाबतीत आणि चित्रपटाच्या बाबतीत तुम्ही एकच गोष्ट पाहता: हे कुणीतरी केले आहे, आणि मनापासून केले आहे. एका ठिकाणी तो हात कसलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो जमत नसताना धडपडतो आहे, एवढाच फरक. म्हणूनच सगळे वाईट चित्रपट तुम्हाला सारखे आवडत नसतील, असा माझा अंदाज आहे. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९६४ मधल्या आपल्या निबंधात नकळत घडलेला 'कॅम्प', म्हणजे अतिरेकी, भडक शैलीतली गंमत, आणि ठरवून केलेला 'कॅम्प' असा भेद केला होता आणि ठरवून केलेला सहसा कमी समाधान देतो, असे म्हटले होते. २०१३ मध्ये आलेल्या 'शार्कनेडो'सारखा चित्रपट प्रेक्षक हसणार हे गृहीत धरूनच बेतलेला असतो. तो पाहताना मजा येते, पण मॅनोसमधली ती अवघडलेली तळमळ त्यात सापडत नाही, कारण करणाऱ्याने काहीच पणाला लावलेले नसते. हा फरक तुम्हाला न शिकवता कळत असेल, तर तुमची आवड खोटी असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ॲनिमेवर प्रेम करणाऱ्या माणसाला फसलेल्या चित्रपटांचाही लळा लागावा, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेचा जन्मच ओढग्रस्तीत झाला आहे. चित्रकथाकार ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान ॲटम' ही यंत्रमानव-मुलाची मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानमध्ये सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग मिळालेल्या तुटपुंज्या पैशांत बसवणे जवळजवळ अशक्य होते. चित्रांची संख्या कमी करायची, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, एकदा काढलेली हालचाल पुन्हा पुन्हा वापरायची, अशा युक्त्या त्या गरजेतून रूढ झाल्या आणि उरलेली तूट पात्राचे चित्र वापरू देण्याच्या हक्कांतून भरून काढायची, असा हिशेब मांडला गेला. मालिकेचे प्रायोजकत्व मेइजी सेइका या मिठाई कंपनीकडे होते; तिने आपल्या मार्बल चॉकलेटसोबत ॲटमचे स्टिकर द्यायला सुरुवात केली आणि मुलांची त्यावर झुंबड उडाली. पुढे १९७९ मध्ये 'मोबाइल सूट गंडम' ही महाकाय यंत्रमानवांची मालिका आली, पण प्रेक्षक पुरेसे मिळेनात म्हणून ५२ भागांचा बेत ४३ भागांत गुंडाळला गेला. मालिका संपल्यानंतर, जुलै १९८० मध्ये, बांदाई या खेळणी कंपनीने १/१४४ प्रमाणातले जोडणीचे प्लास्टिक मॉडेल ३०० येनला बाजारात आणले आणि त्या मॉडेलांच्या लोकप्रियतेने व पुनःप्रक्षेपणांनी ही जवळजवळ विस्मृतीत गेलेली मालिका उभी केली. तुमच्या कपाटातल्या वस्तू ज्या परंपरेतून आल्या, त्या परंपरेने कितीतरी कथा जगवल्या आहेत. कुणी त्यांना निव्वळ बाजारूपणा म्हटले, तर त्याला हा इतिहास जरूर सांगा.

आता तुमच्या पतींच्या बोलण्याविषयी. पोरखेळ या आरोपाचे उत्तर सोपे आहे: तुम्ही जमवता तशा अनेक फिगरच्या डब्यांवर 'वय १५ वर्षे व पुढे' असे छापलेले असते, त्या खेळण्यासाठी केलेल्या नसतातच, आणि त्यांतले बारीक सुटे भाग लहान मुलाच्या हाती टिकणारही नाहीत. पण हे उत्तर त्यांना देऊन तुमचे दुखणे हलके होणार नाही, कारण तुम्हाला लागले आहे ते चारचौघांत हसू झाल्याचे. पत्रात तुम्ही पुढे असेही लिहिले आहे की एरवी ते तुमच्या नव्या फिगर कुतूहलाने पाहतात आणि काचा पुसायला मदत करतात. असा माणूस पाहुण्यांसमोर तसे बोलतो, तेव्हा पुष्कळदा त्याला स्वतःलाच पाहुणे काय म्हणतील याचा संकोच वाटत असतो आणि तो संकोच झाकण्यासाठी तो पहिला विनोद आपणच करून टाकतो. माझा तर्क चुकीचा असू शकेल, म्हणून तो त्यांच्यावर लादू नका, त्यांनाच विचारा. मात्र विचारताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. "त्या दिवशी तू सगळ्यांसमोर जे बोललास ते मला लागलं. जागेबद्दल किंवा खर्चाबद्दल तुला काही म्हणायचं असेल तर आपण दोघं बसून बोलू, पण पाहुण्यांसमोर माझी चेष्टा नको," इतके थेट आणि इतकेच बोला. जागा आणि खर्च या तक्रारी रास्त असू शकतात आणि त्यांवर तडजोडही होऊ शकते. सन्मानाच्या बाबतीत तडजोडीची गरज नसते, आणि एकाच बोलण्यात दोन्ही मिसळले की भांडण सन्मानावरून सुरू होते आणि कपाटांच्या संख्येवर येऊन थांबते.

सगळे विकून टाकण्याचा विचार, निदान आत्ता तरी, पूर्णपणे बाजूला ठेवा. अपमान ताजा असताना विकलेल्या वस्तूंची हळहळ फार काळ टिकते, आणि त्यांतल्या काही पुन्हा मिळणारही नाहीत, कारण ठरावीक मुदतीत नोंदणी घेऊन तेवढ्याच संख्येने काढलेल्या फिगर नंतर बहुधा जुन्या वस्तूंच्या बाजारातच सापडतात. पण संग्रह आहे तसाच वाढू द्यावा, असेही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य त्या चिकट झालेल्या फिगरांविषयीचे आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि उष्णतेत व हवा न खेळणाऱ्या बंद डब्यात ते साचून राहते, म्हणून हात लावल्यावर चिकटपणा जाणवतो. त्या फिगर वाया गेलेल्या नाहीत. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि उघड्यावर ठेवा. चिकटपणा परत आला तर पुन्हा धुवा. पाणी गरम मात्र घेऊ नका, कारण त्याने प्लास्टिक वाकते. उन्हाच्या थेट तिरिपेत फिगर ठेवू नका, पांढरे आणि फिकट भाग पिवळे पडतात; आणि एका पायावर उभ्या असलेल्या जड फिगर उन्हाळ्यात कलू लागतात, त्यांना आधाराची दांडी लावून ठेवा.

ही कामे प्रत्येक फिगरसाठी तुम्ही करू शकाल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या मते संग्रहाची मर्यादा कपाटांवरून ठरवू नये, लक्ष देण्याच्या आपल्या कुवतीवरून ठरवावी. ज्या फिगरचा डबा उघडून तुम्हाला वर्ष लोटले, ती तुमची असूनही तुमच्या आवडीचा भाग उरलेली नाही. अशा वस्तू बाहेर काढून महिनाभर समोर मांडा. त्यानंतरही ज्यांच्याकडे नजर वळत नाही, त्या इतर चाहत्यांकडे जाऊ द्यायला काहीच हरकत नाही. तोक्योमधल्या नाकानो ब्रॉडवे या व्यापारी संकुलात १९८० पासून असलेले मांदाराके हे दुकान अशाच जुन्या मांगा (जपानी चित्रकथा), सेल (ॲनिमेची पारदर्शक पत्र्यांवरची मूळ चित्रे) आणि खेळण्यांच्या देवघेवीवर मोठे झाले. जपानी संग्राहक वस्तू पुढे देण्यात कमीपणा मानत नाहीत आणि म्हणूनच डबे, प्लास्टिकचे आतले साचे आणि जादा हात व चेहरे जपून ठेवतात. तुमचे मूळ डबे असतील तर तुमच्या फिगरांनाही चांगली किंमत येईल.

नव्या खरेदीबाबत मी थोडी कठोर होणार आहे. संग्रह बेसुमार फुगतो तो मोठ्या स्केल फिगरांनी नव्हे. त्यांची किंमतच आपल्याला दोनदा विचार करायला लावते. फुगतो तो नशिबावर चालणाऱ्या छोट्या वस्तूंनी. बंद पाकिटातले बॅज, नाणे टाकल्यावर यंत्रातून निघणाऱ्या गाशापोनच्या कॅप्सूल आणि प्रत्येक चिठ्ठीवर काही ना काही बक्षीस देणारी इचिबान कुजी नावाची सोडत यांची रचनाच अशी असते की हवे ते पात्र मिळेपर्यंत नको असलेली चार हाती येतात, आणि शेवटच्या चिठ्ठीसाठी राखलेले खास बक्षीस तुम्हाला उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या घेण्याचा मोह घालते. एखाद्या वेळी गंमत म्हणून ठीक आहे. पण आवडते पात्र निश्चित असेल तर तोच बॅज नंतर सुटा विकत घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि घरात पसारा होत नाही. स्वस्तातल्या नकली फिगरांपासून तर दूरच राहा: डब्यावर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव नसणे, त्वचेला तेलकट चमक असणे, सांधे नीट न बसणे ही त्यांची लक्षणे आहेत, आणि ज्या मूर्तिकाराच्या हाताची आपण कदर करतो त्याला त्या खरेदीतून काहीच मिळत नाही. प्री-ऑर्डरचे, म्हणजे आगाऊ नोंदणीचे, दडपणही तुम्ही समजता तितके खरे नसते. लोकप्रिय पात्रांच्या नेंडोरॉइडसारख्या, मोठ्या डोक्याच्या छोट्या फिगर मागणी असेल तर पुन्हा काढल्या जातात. मुदत संपत आली आहे हे एकच कारण सुचत असेल, तर ती फिगर तुम्हाला नको आहे.

आणि आता त्या हसण्याविषयी, ज्याची तुम्हाला लाज वाटली. ती वाटली हे चांगले झाले. वाईट चित्रपटांवर जाहीरपणे हसण्याची प्रथा अमेरिकेत वाढली, ती दोन वेगळ्या वाटांनी. १९८० मध्ये मेदवेद बंधूंच्या 'द गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने प्लॅन ९ ला सर्वकाळचा सर्वांत वाईट चित्रपट आणि एड वुड यांना सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवले. वुड त्याआधीच, १९७८ मध्ये, हलाखीत वारले होते. हे हसणे मला कधी आवडलेले नाही, कारण त्यात निकाल आहे आणि सहवास नाही. दुसरी वाट १९८८ मध्ये मिनेसोटातल्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसन यांनी सुरू केलेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या मालिकेची. तिच्यात एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव संपूर्ण चित्रपट शेवटपर्यंत बसून पाहतात आणि त्याच्याशी गप्पा माराव्यात तसे बोलत राहतात. त्यांचे शेरेही बोचरे असतात, पण चित्रपट सोडून कुणी उठत नाही. एरवी पूर्ण विसरला गेला असता असा मॅनोस १९९३ मध्ये त्याच मालिकेमुळे लोकांपुढे आला.

तुमचा नवा मित्र बहुधा पहिल्या वाटेवर आहे, आणि त्याला दुसरी वाट असते हे कुणी दाखवलेले नसेल. १९९० च्या 'ट्रोल २' या चित्रपटाविषयी त्याला सांगा. इटालियन दिग्दर्शकाने युटामध्ये, बहुतांश हौशी नटांना घेऊन, भाषेची अडचण सोसत तो काढला आणि त्यात नाव असूनही एकही ट्रोल (लोककथांतला राक्षसी प्राणी) नाही. त्यात लहान मुलाची भूमिका केलेल्या मायकल स्टीफन्सन यांनी मोठेपणी, २००९ मध्ये, 'बेस्ट वर्स्ट मूव्ही' हा माहितीपट केला. वर्षानुवर्षे ज्या चित्रपटाची लाज वाटली त्याच्यासाठी थिएटरबाहेर रांगा लागलेल्या पाहून हरखून गेलेले नट त्यात दिसतात, आणि प्रेक्षक नेमके कशाला हसत आहेत हे उमगल्यावर दुखावलेला दिग्दर्शकही दिसतो. तुमच्या पुढच्या बैठकीत हाच माहितीपट लावा. तो पाहिल्यावर पडद्यावरच्या माणसांचे घरदार, वय आणि उमेद डोळ्यांसमोर येते आणि दिसण्यावरचे शेरे बहुतेकांच्या तोंडून आपोआप बंद होतात. तरीही बंद झाले नाहीत, तर सगळ्यांसमोर न बोलता त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा: संवादावर हस, कथेतल्या भोकांवर हस, पुठ्ठ्याच्या थडग्यांवर पोट धरून हस, पण कुणाच्या शरीरावर आमच्या गटात हसायचे नाही. जमत नसेल तर त्याने येऊ नये. गट लहान झाला तरी चालेल.

राहता राहिले तुमच्या पतींना या चित्रपटांची ओळख करून देणे, ज्याविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. मॅनोसपासून अजिबात सुरुवात करू नका. तो फार संथ आहे आणि सरावलेल्या माणसालाही जड जातो. 'मायामी कनेक्शन' लावा. तायक्वांदो शिकवणारे वाय. के. किम यांनी १९८० च्या दशकात ऑरलँडोमध्ये आपली सारी पुंजी ओतून तो बनवला, तो साफ पडला आणि विसरला गेला. पुढे टेक्सासच्या एका चित्रपटगृहाच्या माणसाने त्याची प्रत न पाहताच ५० डॉलरला विकत घेतली आणि २०१२ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यात निंजा आहेत, रॉक बँड आहे आणि मैत्रीवरचा इतका निर्व्याज विश्वास आहे की त्याची टर उडवणे अवघड होऊन बसते. तो तुम्ही दोघेच पाहा, गटाला बोलावू नका, आणि आधी काहीही समजावून सांगू नका. वडिलांचा शोध लागल्याची बातमी एक पात्र आपल्या मित्रांना ओरडून सांगते, त्या प्रसंगापर्यंत ते तुमच्यासोबत बसून राहिले, तर पुढच्या महिन्याच्या बैठकीचे निमंत्रण त्यांना खुशाल द्या.